मुका मार

गळ्याच्या कातडीवर एक ओरखडाही नसताना आतले स्वरयंत्र मोडलेले असू शकते, हे मला आणि माझ्या घरच्यांना ठाऊक असते, तर १८ जुलै २०२४ च्या रात्रीचे साडेपाच तास आम्ही हळदीचा लेप आणि गुळण्या यांत घालवले नसते. अशा दुखापतीला आपण मुका मार म्हणतो. हातापायाला मुका मार बसला की तो दोन-चार दिवस ठणकतो आणि उतरतो, म्हणून गळ्याचाही तसाच उतरेल असे आम्ही गृहीत धरले होते. त्या रात्रीपासून परवाच्या शेवटच्या तपासणीपर्यंत जे जे घडले ते तारखांसह लिहून ठेवत आहे, कारण रुग्णालयात असताना असा एखादा अनुभव मराठीत वाचायला मिळावा म्हणून मी मोबाइलवर पुष्कळ शोधले होते आणि मला तो सापडला नव्हता.

मी ४६ वर्षांचा आहे आणि गेली २१ वर्षे घाटकोपरच्या एका सहकारी पतपेढीत काउंटरवर काम करतो. त्या दिवशी गुरुवार होता, आदल्या दिवशी आषाढी एकादशी झालेली. संध्याकाळी भांडुपला उतरून पश्चिमेला रिक्षा केली. अंतर थोडे, भाडे किमान, म्हणजे तेव्हाचे २३ रुपये. पाऊस चालू होता. घर जवळ आले तसा मी खिशातून सुटे काढत पुढे वाकलो आणि "पुढच्या वळणावर डावीकडे घ्या," असे चालकाला सांगू लागलो. तेवढ्यात एक मोटारसायकल आडवी आली, त्याने कचकन ब्रेक मारला आणि चालकाच्या पाठीमागचा आडवा लोखंडी दांडा माझ्या कंठमण्यावर बसला.

एरवी मान सरळ असते तेव्हा हनुवटी पुढून गळ्याचे रक्षण करते. बोलण्यासाठी मान पुढे काढून हनुवटी वर केलेली असली, की स्वरयंत्र उघडे पडते, आणि समोरून आदळणारी वस्तू व मागचा मणका यांच्यामध्ये ते चिरडले जाते. मोटारीच्या डॅशबोर्डवर, दुचाकीच्या हँडलवर, आडव्या बांधलेल्या दोरीवर किंवा कबड्डीत कोपर लागून होणारी दुखापत याच जातीची, हे मला डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले.

दोन-तीन क्षण श्वासच आला नाही, मग खोकल्याची उबळ आली. चालक भला माणूस होता, त्याने रिक्षा बाजूला घेऊन पाण्याची बाटली पुढे केली. घोट उतरताना माशाचा काटा अडकावा तशी कळ गेली. भाडे त्याने घेतले नाही आणि मला सोसायटीच्या फाटकापर्यंत सोडले. मी त्याला "काही नाही, ठीक आहे" असे सांगितले आणि रिक्षाचा क्रमांक पाहिला नाही. या दोन्ही गोष्टी मला पुढे महागात पडल्या.

घरी आरशात पाहिले तर दोन बोटे रुंदीचा लालसर पट्टा, एवढेच. मात्र आवाज बसला होता. पत्नी म्हणाली, "अहो, तुमचा आवाज असा का येतोय?" आईचे म्हणणे पडले, की दचकल्यामुळे असेल, गरम दूध घे. नऊच्या सुमारास आम्ही नेहमीच्या दवाखान्यात गेलो. तिथे टॉर्चने घसा पाहून, आत काही नाही, मुका मार आहे, असे सांगून वेदनाशामक गोळ्या आणि मिठाच्या गुळण्या लिहून दिल्या गेल्या. तीनशे रुपये घेतले. माझ्या मनात त्याबद्दल राग नाही, पण एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी: टॉर्चच्या उजेडात टॉन्सिलपर्यंतचाच घसा दिसतो. स्वरयंत्र त्याच्या बरेच खाली असते आणि ते आरशाने किंवा दुर्बिणीने पाहावे लागते. मार लागल्यावर आवाज बदललेला असेल, तर तोंड उघडून केलेल्या तपासणीवर निर्धास्त राहू नये.

वरणभात गिळता आला नाही. अकरानंतर थुंकीही गिळवेना, म्हणून वाटी हातात घेऊन बसलो. आडवे झाले की गळ्यावर कोणी तळवा ठेवल्यासारखे वाटे, उठून बसले की थोडे बरे. साडेबाराला थुंकीत रक्ताचा तंतू दिसला. एकच्या सुमारास पत्नीने पुन्हा लेप लावायला हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. "इथं काहीतरी कुरकुरतंय हो," ती म्हणाली. मीही बोट दाबून पाहिले. कुरमुऱ्यांच्या पिशवीवर बोट दाबावे तसा बारीक चुरचुरता स्पर्श हसळीच्या हाडापर्यंत लागत होता, आणि त्या जागी दुखतही नव्हते. मग तिने दिवा जवळ आणून पाहिले. माझा कंठमणी एरवी ठळक आहे, तो सपाट झाला होता. तेवढ्यात मुलगी खोलीतून बाहेर आली, कारण मी श्वास आत घेताना होणारा शिट्टीसारखा आवाज तिला दाराआडून ऐकू येत होता.

ही सगळी लक्षणे मला नंतर एकेक करून समजली. कातडीखाली कुरकुरणारी ती हवा होती, म्हणजे श्वासमार्गाचे आतले अस्तर फाटून हवा बाहेर झिरपत होती. श्वास आत घेताना होणारा आवाज म्हणजे मार्ग अरुंद होत चालल्याची खूण. बसलेला आवाज, गिळताना कळ, थुंकीत रक्त, सपाट झालेला कंठमणी आणि आडवे होताच गुदमरणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट पाहायची नसते. सूज तासागणिक वाढत जाते आणि पहिल्या तासात चालता-बोलता असलेला माणूस मध्यरात्री गुदमरू शकतो. या काळात खायला-प्यायलाही काही देऊ नये, कारण अन्ननलिकेला इजा झालेली असू शकते आणि शस्त्रक्रियाही करावी लागू शकते.

शेजारच्या काकांनी गाडी काढली. घराजवळच्या नर्सिंग होममध्ये गेलो, तर तिथे, अपघाताची केस आहे, आधी पोलिसांकडे जा, शिवाय आमच्याकडे घशाचे डॉक्टर नाहीत, असे सांगून दारातूनच परत पाठवले. त्यातले दुसरे कारण खरे होते. पहिले कारण कायद्याला धरून नव्हते. पोलिसांची कागदपत्रे होईपर्यंत जखमी माणसाचे उपचार अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. पण रात्री दीड वाजता, श्वास अडत असताना, कायदा कोण सांगत बसणार? आमची वीस मिनिटे तिथे गेली. पुन्हा अशी वेळ आली तर मी आधी १०८ ला फोन करीन आणि पहिल्याच वाक्यात "मानेला मार लागला आहे आणि श्वास अडतो आहे" असे सांगीन, कारण त्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. तसेच जवळचे रुग्णालय कोणते, यापेक्षा रात्रीही कान-नाक-घसा तज्ज्ञ, सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रियागृह कुठे चालू असते, हा प्रश्न विचारीन. मुंबईत शीव, केईएम, नायर आणि कूपर ही महापालिकेची वैद्यकीय महाविद्यालये जोडलेली रुग्णालये आहेत आणि भायखळ्याचे जे. जे. राज्य शासनाचे आहे. आपल्या घरापासून यांपैकी कोणते जवळ, हे आधीच माहीत असावे.

आम्ही २ वाजून १० मिनिटांनी एका मोठ्या न्यासाच्या रुग्णालयात पोहोचलो. आपत्कालीन विभागातल्या तरुण डॉक्टरबाईंनी मला आधी नाव विचारले आणि मी ते सांगत असताना माझ्याकडे न पाहता नुसते कान देऊन ऐकले. मला झोपू न देता बसवूनच ठेवले, मानेला पट्टा लावला, प्राणवायूचा मास्क आणि सूज उतरवणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले आणि कान-नाक-घसा विभागाच्या डॉक्टरांना बोलावून घेतले. त्यांनी नाकातून एक बारीक, वाकणारी दुर्बीण घातली आणि मला "ई" म्हणायला सांगितले. पडदा माझ्या समोरच होता. एका बाजूचा स्वरतंतू हलत होता, दुसरा जागचा जेमतेम हलत होता, आणि त्यांच्या वर जांभळट सूज चढून मधली फट एखाद्या काडीएवढी उरली होती. आपला श्वास त्या फटीतून चालला आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे मी विसरू शकत नाही.

त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले, की मानेत खाली छिद्र करून श्वासाला वेगळा मार्ग द्यावा लागेल, म्हणजे ट्रेकिओस्टॉमी, आणि ती मी जागा असतानाच, केवळ जागा बधिर करून करावी लागेल. तोंडातून नळी का घालत नाही, असे पत्नीने विचारले. स्वरयंत्र मोडलेले असताना तिथून अंदाजाने नळी ढकलली तर ती फाटलेल्या अस्तरातून भलत्याच ठिकाणी शिरू शकते आणि उरलासुरला मार्गही बंद होऊ शकतो, हे त्यांचे उत्तर. भूल देऊन स्नायू सैल केले तर जो श्वास मी स्वतः ओढत होतो तोही थांबण्याची भीती होती. सीटी स्कॅन आधी का नाही, याचे उत्तर सोपे होते: स्कॅनसाठी उताणे झोपावे लागते आणि मला ते शक्य नव्हते. पत्नीने ३ वाजून १० मिनिटांनी संमतिपत्रावर सही केली. त्याच वेळी खाली ४०,००० रुपये अनामत भरायची होती, ती तिने मोबाइलवरून दोन खात्यांतून मिळून भरली.

शस्त्रक्रियागृहात अर्धवट बसत्या स्थितीत, बधिर केलेल्या गळ्यावर दाब आणि ओढ जाणवत होती, वेदना फारशी नव्हती. डोक्याशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञ बाई प्रत्येक पायरी आधी सांगत होत्या. नळी आत बसली तेव्हा मोठी खोकल्याची उबळ आली आणि पाठोपाठ गार हवा थेट छातीत उतरली. सहा तासांत पहिल्यांदाच श्वास घेण्यासाठी मला काही करावे लागले नाही. मी "बरं वाटतंय" असे म्हणालो, ओठ हलले, आणि काहीच ऐकू आले नाही. हवा आता स्वरतंतूंपर्यंत पोहोचतच नव्हती. ही गोष्ट मला आधी सांगितली होती, तरीही त्या क्षणी मी घाबरलो आणि भूलतज्ज्ञ बाईंचा हात घट्ट धरला. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की आवाज नळीमुळे थांबलेला असतो, तो गेलेला नसतो.

पहाटे साडेपाचला सीटी स्कॅन झाला. स्वरयंत्राची समोरची ढालीसारखी कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ असलेले कार्टिलेज, उभी तडकली होती आणि तिचा एक तुकडा आत दबला होता. तिच्याखालची कडे असलेली कूर्चा शाबूत होती. स्वरयंत्रात सलग पूर्ण कडे असे ते एकच असते, आणि ते मोडले की श्वासमार्गाला आधारच उरत नाही, म्हणून डॉक्टरांनी अहवालात आधी तेच पाहिले. मानेचे मणके आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या ठीक होत्या. अशा दुखापतींची शेफर यांच्या नावाची एक वर्गवारी आहे, तिच्यात पाच गट आहेत. पहिल्या दोन गटांत, म्हणजे सूज, किरकोळ इजा किंवा जागचा न हललेला तडा असेल तर, बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. पण त्यांनाही किमान २४ तास रुग्णालयात नजरेखाली ठेवतात, डोके उंच, दमट हवा, आवाजाला पूर्ण विश्रांती. पाचव्या गटात स्वरयंत्र श्वासनलिकेपासून तुटून वेगळे झालेले असते. मी तिसऱ्या गटात होतो.

"कूर्चा तर मऊ असते ना?" असे मी पाटीवर लिहून विचारले. लहान मुलांची मऊ आणि लवचीक असते, ती दबून परत येते. वय वाढते तसा तिच्यात चुना भरत जाऊन ती हाडासारखी होते, आणि मग दबण्याऐवजी काचेच्या बांगडीसारखी तडकते, हे डॉक्टरांचे शब्द मला तंतोतंत आठवतात, कारण त्या उत्तराचा पुढे पोलिसांच्या कागदात उपयोग झाला.

दुरुस्तीची शस्त्रक्रिया शनिवारी २० जुलैला झाली. ती पहिल्या दोन-तीन दिवसांत झालेली चांगली, नंतर आत व्रण धरू लागतात आणि आवाजाचा व श्वासाचा मार्ग दोन्ही आक्रसतात. सुमारे तीन तासांत आतले अस्तर शिवले, तुकडा जागेवर आणला आणि टायटॅनियमच्या दोन नखाएवढ्या पट्ट्यांनी बसवला. अन्ननलिकाही दुर्बिणीने पाहिली, ती फाटलेली नव्हती.

पुढचे तेरा दिवस मी मुलीच्या लहानपणच्या पाटीवर बोललो. वहीपेक्षा पाटी बरी, कारण झोपून लिहिता येते आणि सिस्टरना दुरूनही वाचता येते. "सक्शन", "दुखते आहे", "उशी" आणि "थांबा" हे चार शब्द पत्नीने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून खाटेला अडकवले होते, त्यांचा उपयोग सर्वांत जास्त झाला. नळीत कफ साठला की बारीक नळी घालून तो ओढून काढतात, ते सक्शन. पहिल्या दिवशी दर अर्ध्या-पाऊण तासाने लागत होते. प्रत्येक वेळी खोकल्याने डोळ्यांत पाणी येई आणि त्यानंतर श्वास मोकळा होई. रात्री मला झोपेची धास्ती वाटे, कारण कफ अडकला तर हाक मारता येणार नाही. ही भीती मी दुसऱ्या रात्री पाटीवर लिहिली, तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टरने घंटीचे बटण माझ्या तळहातात ठेवून वरून चिकटपट्टी लावली आणि माझी खाट त्यांच्या टेबलासमोर आणवली. भीती लिहून दाखवावी, त्यावर उपाय असतात.

नळीतून येणारी हवा नाकातून गाळून, ओली होऊन येत नाही. म्हणून नळीच्या तोंडाशी ओलसर जाळीचे कापड किंवा ओलावा धरणारा छोटा फिल्टर लागतो. वॉर्डातल्या वातानुकूलनामुळे हवा कोरडी होती, आणि कापड वाळले की कफ लगेच घट्ट होई. नळीची आतली नळी काढून ब्रशने धुवायला सिस्टरनी पत्नीला तिसऱ्याच दिवशी शिकवले. जेवण नाकातून पोटात सोडलेल्या नळीने, दर दोन तासांनी २०० मिलिलिटर: गाळलेले वरण, नाचणीची पातळ पेज, दूध. नऊ दिवस जिभेला चव नव्हती. नाचणीच्या पेजेचा वास मात्र येई असे मला वाटे, पण नाकातून हवाच जात नसल्यामुळे वासही येत नसतो, तो आठवणीतला वास होता.

विमा पतपेढीच्या सामूहिक योजनेतला, तीन लाखांचा. विमा कंपनीच्या मध्यस्थ कार्यालयाने मंजुरीपूर्वी तीन गोष्टी मागितल्या: पोलिसांकडे पाठवलेल्या अपघात-नोंदीची, म्हणजे एमएलसीची प्रत, अपघात कसा घडला याचे माझ्या सहीचे निवेदन, आणि दारूचा अंमल नव्हता असा आपत्कालीन विभागाचा शेरा. तिसरी गोष्ट पहिल्या कागदावर लिहिलेली नव्हती आणि ती मिळवायला माझ्या मेव्हण्याला दोन दिवस फेऱ्या माराव्या लागल्या. दाखल होतानाच तो शेरा लिहून घ्यावा. एकूण बिल ३,३८,५०० रुपये झाले, त्यातले २,७४,००० मंजूर झाले, अनामत वजा जाता घरी सोडताना २४,५०० भरले. हातमोजे, सक्शनच्या नळ्या, जाळीचे कापड असल्या गोष्टी विम्यात धरल्या गेल्या नाहीत. माझ्या अपघाताच्या वेळी नव्हती, पण ५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची विनारोकड उपचार योजना लागू झाली आहे. तिच्यात अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार येतात, त्याची चौकशी रुग्णालयात पोहोचताच करावी.

सोमवारी २२ जुलैला हवालदार साहेब जबाब घ्यायला आले. त्यांनी कागद काढून पहिलाच प्रश्न विचारला, "हाड मोडलंय का?" मी पाटीवर "कूर्चा" असे लिहिले. त्यांनी मान हलवली, "म्हणजे हाड नाही." प्रश्न बिनमहत्त्वाचा नव्हता. साधी दुखापत की गंभीर, यावर कलम ठरते आणि गंभीर दुखापतीच्या व्याख्येत हाड किंवा दात मोडणे असा स्पष्ट उल्लेख आहे, कूर्चेचा नाही. १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली होती, म्हणजे नव्या कायद्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. डॉक्टरांनी मग दाखल्यात दोन गोष्टी लिहिल्या: कूर्चेचा तडकलेला भाग हाडात रूपांतरित झालेला होता, आणि दुखापतीने जीव धोक्यात आला होता. जिवाला धोका, किंवा १५ दिवस नेहमीचे व्यवहार करता न येणे, हेही त्याच व्याख्येत बसते. जुन्या कायद्यात ही मुदत २० दिवसांची होती. जबाब मी स्वतःच्या हाताने चार पाने लिहून दिला. रुग्णालय एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत आणि अपघात दुसऱ्याच्या, त्यामुळे कागद तिथून इथे यायला तीन आठवडे लागले. रिक्षाचा क्रमांक सोसायटीच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात सापडला. चित्रण दोन आठवड्यांनी पुसले जाते, ते मेव्हण्याने वेळेत उतरवून घेतले म्हणून निभावले.

२९ जुलैला नाकातली नळी काढली आणि मऊ भाताचा घास गिळून दाखवायला सांगितले. पातळ पाण्यापेक्षा दाट पदार्थ सोपा जातो, पाण्याने ठसका लागतो, हे तेव्हा कळले. पुढे गळ्यातल्या नळीचे तोंड २४ तास बुचाने बंद ठेवून पाहिले. प्राणवायूचे प्रमाण उतरले नाही, म्हणून गुरुवारी १ ऑगस्टला नळी काढली आणि छिद्रावर पट्टी दाबून लावली. ते छिद्र आपोआप बुजते, माझे आठ दिवसांत बुजले. डॉक्टर म्हणाले, पट्टीवर बोट ठेवून एक ते दहा म्हणा. मी नोटा मोजतो तसे एक, दोन, तीन म्हणालो. वाळक्या पानावर पाय पडावा तसा तो आवाज होता, सातपर्यंत पोहोचून थांबला. पत्नी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

शनिवारी ३ ऑगस्टला घरी आलो. आवाजाला विश्रांती म्हणजे कुजबुजही बंद, कारण कुजबुजताना स्वरतंतूंवर वेगळाच ताण येतो. खाकरायचे नाही, त्याऐवजी पाण्याचा घोट घ्यायचा. पोटातले आम्ल वर येऊन ताज्या व्रणाला लागू नये म्हणून सकाळी उपाशीपोटी गोळी, रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा. ७ सप्टेंबरला घरचा दीड दिवसाचा गणपती बसला. दरवर्षी आरती मी सांगतो, या वेळी मुलीने सांगितली आणि मी ओठ मिटून टाळ वाजवले. त्या दिवशी मला फार जड गेले.

वाचा-उपचार सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाले. खासगीत एका वेळचे ६०० रुपये, अशा १६ वेळा गेलो. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे आणि नायर रुग्णालयातही वाचा व श्रवण विभाग आहे. तिथे खर्च पुष्कळ कमी येतो, मला भांडुपहून रोजचा प्रवास झेपला नसता एवढेच. पहिला व्यायाम पाण्याच्या ग्लासात नळी धरून बुडबुडे काढत "ऊ" म्हणण्याचा. त्याने स्वरतंतूंवर ताण न येता ते एकमेकांजवळ येतात. दिवसातून पाच वेळा, प्रत्येकी पाच मिनिटे, आणि फरक दिसायला सहा आठवडे. मधल्या काळात धीर सुटतो. मी रोज रात्री मोबाइलवर एक ते दहा ध्वनिमुद्रित करून ठेवत असे, आणि पंधरा दिवसांपूर्वीचे ऐकले की सुधारणा कळे, रोजच्या रोज ती कळत नसे.

२३ सप्टेंबरला कामावर रुजू झालो. काचेपलीकडे आवाज पोहोचेना, तेव्हा व्यवस्थापकांनी काउंटरवर छोटा मायक्रोफोन बसवून दिला, तो अजून आहे. ऑक्टोबरच्या तपासणीत टाक्यांच्या जागी मांसाचा लहान अंकुर दिसला. आम्लाची गोळी आणखी तीन महिने चालू ठेवली आणि तो विरला. जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागली किंवा श्वासाला पुन्हा आवाज आला तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता यायचे, हे प्रत्येक वेळी बजावले जाई, कारण महिन्यांनंतरही आतला मार्ग आक्रसू शकतो. नुकसानभरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात १० जानेवारी २०२५ ला दाखल केला. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, माझे आठ दिवस उरले होते. रिक्षाचालकाला शिक्षा व्हावी अशी माझी इच्छा नाही, दावा रिक्षाच्या विम्याकडून आहे. तो अजून चालू आहे.

वर्षाची तपासणी सोमवारी २१ जुलै २०२५ ला झाली. दोन्ही स्वरतंतू हलतात, उजवा थोडा मागे राहतो. आवाज पूर्वीपेक्षा जाड आहे, संध्याकाळी थकतो, मोठ्याने हाक मारता येत नाही, फोनवर ओळखीची माणसे क्षणभर थांबतात आणि मग ओळखतात. डॉक्टरांनी शेवटची सूचना दिली, की पुढे केव्हाही, कशासाठीही भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला आधी हे सांगायचे. म्हणून सीटी स्कॅनची तबकडी आणि शस्त्रक्रियेचा कागद घरच्या कपाटात एकत्र ठेवला आहे, आणि पाकिटात रेल्वेच्या पासमागे एक चिठ्ठी आहे: "जुलै २०२४ मध्ये स्वरयंत्र मोडले होते. ट्रेकिओस्टॉमी झाली आहे. टायटॅनियमच्या पट्ट्या आहेत. तोंडातून नळी घालण्यापूर्वी दुर्बिणीने पाहावे." त्याखाली पत्नीचा फोन क्रमांक आहे.